दिवाळीसाठी पुण्याहून इंदूरला एकट्याने गाडीने जाणे आणि पीथमपूरच्या नोकरीचा निर्णय

प्रश्न (सुदामानगरचा, सध्या पुणे)

सर्वांना नमस्कार. मी मूळचा इंदूरचा. गेली तेरा वर्षे पुण्यात आहे आणि चाकण परिसरातील वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. इंदूरजवळच्या पीथमपूर या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने मला त्याच विभागात वरच्या पदावर येण्याचे पत्र दिले आहे. पगार आजच्यापेक्षा साधारण अठरा टक्के कमी आहे. पुण्यात मी महिना २८ हजार रुपये घरभाडे देतो आणि इंदूरला आमचे स्वतःचे घर आहे, त्यामुळे हाती उरणाऱ्या रकमेत फार फरक पडू नये असे वाटते. भाऊबीजेनंतरच्या सोमवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे आणि १५ जानेवारीपर्यंत रुजू व्हावे अशी त्यांची अपेक्षा आहे. माझ्या सध्याच्या नोकरीला २० फेब्रुवारीला पाच वर्षे पूर्ण होतील.

पत्नी पुण्यात एका शाळेत शिकवते आणि मुलगी सातवीत आहे. शाळेला सुटी लागताच त्या दोघी रेल्वेने पुढे जात आहेत. मला रजा धनत्रयोदशीच्या आदल्या दिवसापासून मिळाली आणि तोपर्यंत तिकिटे संपली होती, म्हणून मी गाडीने एकटा येणार आहे. सुमारे सहाशे किलोमीटरचे हे अंतर मी आजवर एकट्याने कधीही चालवलेले नाही.

वडील बहात्तर वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवावा लागला, तेव्हापासून रात्री आईचा फोन आला की माझे हातपाय गळतात. या नोकरीविषयी मी पत्नीशी बोललो आहे, आईवडिलांशी मात्र नाही. प्रवासात अकरा-बारा तास एकांत मिळेल, त्यात निर्णय पक्का करावा आणि घरी पोहोचल्यावर तो सांगून टाकावा असा माझा विचार आहे. हा विचार योग्य आहे का, आणि एकट्याने प्रवास करताना काय काळजी घ्यावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

उत्तर १ (खलघाटमार्गे)

मी वर्षातून चार-पाच वेळा या रस्त्याने जातो, म्हणून रस्त्यापुरते लिहितो. पहाटे चारला निघा. चाकण आणि राजगुरूनगर उजाडण्यापूर्वी मागे पडले तरच पुढचे वेळापत्रक टिकते, कारण सातनंतर त्या पट्ट्यात कारखान्यांच्या बस आणि मालवाहू गाड्यांची रांग लागते आणि ती वाट तुम्हाला रोजच्या अनुभवाने ठाऊक असेलच. संगमनेर, सिन्नर, नाशिक करून चांदवडला पहिला मोठा थांबा घ्या. तेथून मालेगाव, धुळे आणि शिरपूरपर्यंतचा रस्ता सरळ व रुंद आहे, परंतु डुलकी लागण्याचा खरा धोका याच पट्ट्यात असतो. धुळ्यात जेवण हलके ठेवा आणि वीस मिनिटे गाडीतच डोळे मिटून पडा.

पळासनेर सोडले की बिजासनचा घाट चढून आपण सेंधव्याला पोहोचतो. त्यानंतर जुलवानिया, ठीकरी आणि खलघाटचा नर्मदेवरचा पूल येतो. धामनोदच्या पुढे गणपती घाट आहे. उतारावर ट्रकचे ब्रेक निकामी होऊन येथे इतके अपघात झाले की उतरणाऱ्या वाहनांसाठी वेगळा रस्ता बांधावा लागला. तुम्ही चढणीच्या दिशेने असाल, तरीही अवजड वाहनांच्या मागे अंतर ठेवा आणि ओलांडण्याची घाई करू नका. मानपूर, महू, राऊ हे सारे अंधार पडण्यापूर्वी झाले पाहिजे.

निर्णयाविषयी मला एवढेच म्हणायचे आहे की, तो गाडी चालवताना घेऊ नका. ज्या विषयाने मन ओढले जाते त्या विषयावर विचार करणारा माणूस समोरचा रस्ता पाहतो, पण त्याला तो दिसत नाही. मी स्वतः एकदा जमिनीच्या वाटणीचा विचार करत सेंधव्याजवळ दुभाजकाला घासलो होतो. काही सुचलेच तर थांबा, वहीत लिहा आणि मग पुढे निघा.

उत्तर २ (राजेंद्रनगरची रहिवासी)

आम्ही सहा वर्षांपूर्वी पुण्याहून इंदूरला परत आलो. कारण हेच होते, सासूबाईंचे आजारपण. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

परत येण्यापूर्वी आम्ही पगाराचा, भाड्याचा आणि मुलाच्या शाळेचा हिशेब मांडला होता आणि तो बहुतेक बरोबर ठरला. जे चुकले ते हिशेबात कधी आलेच नव्हते. सासूबाईंना आम्ही विचारले नव्हते. आम्ही येत आहोत असे त्यांना दसऱ्याला सांगितले. त्यांना आनंद झाला, परंतु त्यांचा दिवस त्यांनी आपल्या पद्धतीने बसवलेला होता. पहाटे फिरणे, दुपारी शेजारच्या दोघींबरोबर वाचन, संध्याकाळी देवळात कीर्तन असेल तर कीर्तन. आम्ही आल्यावर स्वयंपाकाच्या वेळा, दूरचित्रवाणीचा आवाज, पाहुण्यांसाठीची खोली, सारेच बदलले. त्या एकदा म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासाठी आलात म्हणता, म्हणून मला काही बोलता येत नाही." ते वाक्य ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. त्यानंतर आम्ही वरच्या मजल्यावर वेगळे स्वयंपाकघर केले आणि तेव्हापासून घर खऱ्या अर्थाने सुरळीत झाले. हे बोलणे आम्ही येण्याआधी केले असते तर त्यांना दीड वर्ष मनात कुढावे लागले नसते.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, निर्णय पक्का करून घरी जाऊ नका. प्रश्न घेऊन जा. आईशी स्वतंत्रपणे बोला, कारण वडिलांसमोर ती वडिलांच्या मताचेच बोलण्याची शक्यता आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्नीविषयी. तुम्ही तिच्याशी बोललात असे लिहिले आहे, परंतु ती काय म्हणाली हे लिहिलेले नाही. तिची नोकरी सुटणार आहे. येथे तिला शाळा मिळेल, परंतु ती एप्रिलपासून सुरू होणाऱ्या नव्या सत्रात मिळण्याची शक्यता अधिक. जानेवारीत तुम्ही रुजू झालात आणि मुलीचे सातवीचे वर्ष पुण्यातच पूर्ण करायचे ठरवले, तर काही महिने कुटुंब दोन ठिकाणी राहील. तेव्हा घरभाड्याची जी बचत तुम्ही धरली आहे ती त्या महिन्यांत होणार नाही आणि पत्नीच्या पगाराची उणीव त्यानंतर सुरू होईल. हे आकडे कागदावर मांडा.

मुलीच्या मराठीचाही विचार करावा लागतो. पुण्यात तो विषय शाळेत आपोआप होतो. येथे बहुतेक शाळांत तो नाही, त्यामुळे बोलणे घरात टिकते पण वाचन-लेखन मागे पडते. माझा मुलगा आज देवनागरी अस्खलित वाचतो, कारण हिंदी शाळेत आहे, परंतु मराठी निबंध लिहिताना त्याची वाक्ये हिंदीच्या वळणाने जातात. आम्ही त्याला महाराष्ट्र साहित्य सभेच्या कार्यक्रमांना आणि सानंद या संस्थेच्या नाट्यप्रयोगांना नेमाने नेतो, सुटीत पत्रे लिहायला लावतो. श्रम पडतात, पण ते आनंदाचे आहेत.

परत आल्याचा मला पश्चात्ताप आहे का, असे विचाराल तर मुळीच नाही. सासूबाईंची शेवटची दोन वर्षे आम्ही त्यांच्याजवळ होतो.

उत्तर ३ (हिशेब विभागात वीस वर्षे)

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. तुमच्या प्रश्नातील एका तारखेकडे मात्र कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. २० फेब्रुवारीला तुमची पाच वर्षे पूर्ण होतात आणि नवी कंपनी १५ जानेवारीला बोलावते. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, कायद्याने पाच वर्षांच्या सलग सेवेशी बांधलेली आहे. चार वर्षे आणि २४० दिवस झाले की ती मिळते असे लोक म्हणतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका निकालाचा त्याला आधार आहे, परंतु प्रत्येक कंपनी ते मान्य करत नाही आणि मग भांडत बसावे लागते. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे, असे तिचे सूत्र आहे. समजा तुमचा मूळ पगार ६० हजार असेल, तर पाच वर्षांचे सुमारे १ लाख ७३ हजार रुपये होतात. केवळ पाच आठवड्यांसाठी ही रक्कम धोक्यात घालू नये. रुजू होण्याची तारीख मार्चच्या पहिल्या आठवड्यात न्यावी असे नव्या कंपनीला आजच लेखी विचारा. वरच्या पदासाठी माणूस घेणाऱ्या कंपन्या दीड-दोन महिने सहसा थांबतात.

भविष्यनिर्वाह निधी काढू नका, जुन्या खात्यातून नव्यात वळवा. यूएएन, म्हणजे निधीतील सदस्याचा क्रमांक, तोच राहतो आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवा त्यामुळे जोडली जाते. नव्या कंपनीला ठरलेला फॉर्म भरून आधीच्या पगाराची माहिती द्या. ती दिली नाही तर दोन्हीकडे प्रमाणित वजावट धरली जाते आणि विवरणपत्र भरताना मोठा कर एकदम भरावा लागतो.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा विम्याचा आहे. वडिलांना हृदयविकार आहे. ते तुमच्या सध्याच्या कंपनीच्या सामूहिक विम्यात असतील, तर तुमच्या शेवटच्या दिवशी ते संरक्षण संपते. नव्या कंपनीच्या विम्यात आईवडील आहेत का, आधीपासूनच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का आणि तो कोणत्या तारखेपासून लागू होतो, ही तीन उत्तरे ईमेलवर मिळाल्याशिवाय राजीनामा देऊ नका. सामूहिक विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि प्रतीक्षाकाळात आधीची वर्षे धरली जातात. मात्र त्यासाठीचा अर्ज नोकरी सुटण्याआधीच हाती घ्यावा लागतो.

जाता जाता गाडीविषयी. महाराष्ट्रात नोंदवलेली गाडी मध्य प्रदेशात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल तर तेथे पुन्हा नोंदणी करावी लागते. पुण्याच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, कर्ज असेल तर बँकेचेही, आणि तेथील कर भरल्यावर येथील उरलेल्या कराचा परतावा मागता येतो. हाही खर्च हिशेबात धरा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (सुदामानगरचा)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. निघण्याच्या आदल्या रात्री ही उत्तरे मी दोनदा वाचली आणि नव्या कंपनीला तारखेविषयी व विम्याविषयी पत्र पाठवूनच झोपलो.

पहाटे चारला निघालो आणि सायंकाळी पावणेपाचला घरी पोहोचलो. चांदवडपर्यंत नोकरीचा विषय डोक्यात येत राहिला. तेथे थांबून वहीत तीन ओळी लिहिल्या आणि त्यानंतर आश्चर्य वाटावे इतके मन मोकळे झाले. खलघाटला पूल ओलांडून गाडी बाजूला लावली आणि नर्मदेकडे पाहत पंधरा मिनिटे उभा राहिलो. लहानपणी मामाकडे धुळ्याला जाताना आई येथे बसच्या खिडकीतून नाणे टाकत असे.

पाडव्याच्या दिवशी सकाळी आईशी बोललो. तिने बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाली की बाबांना रात्री बरे वाटत नसले की ती एकटी घाबरते आणि मला फोन करावा की नाही यातच तिचा अर्धा तास जातो. ही गोष्ट तिने मला दोन वर्षांत कधीच सांगितली नव्हती. त्याच वेळी ती असेही म्हणाली की, सूनबाईची शाळा सुटणार असेल तर आधी तिला येथे शाळा मिळू दे, मग या. पत्नीने ते ऐकले. ती मला रात्री म्हणाली की, तिला यायचे आहे, पण सत्र अर्धे टाकून नाही, आणि हे ती पुण्यातच म्हणाली होती. माझ्या लक्षात ते राहिले नव्हते याचे मला फार वाईट वाटले.

बाबांशी बोलणे अवघड जाईल असे वाटले होते. ते ज्या कापड गिरणीत होते ती मी लहान असताना बंद पडली आणि हक्काची रक्कम हाती येण्यासाठी त्यांनी कित्येक वर्षे वाट पाहिली. त्या काळात ते कापड बाजारातील एका दुकानात हिशेब लिहीत. मी सारे सांगितल्यावर त्यांनी पगार विचारला नाही, पदही विचारले नाही. "पाच वर्षे कधी होतात?" एवढेच विचारले. मी तारीख सांगितली. ते उठले, नव्या वर्षाच्या कालनिर्णयाचे फेब्रुवारीचे पान उघडले, वीस तारखेवर पेनाने गोल केला आणि म्हणाले, "त्याआधी सही करू नकोस." नंतर राऊहून पीथमपूरला कारखान्याची बस जाते का, याची चौकशी ते आज सकाळी शेजाऱ्यांकडे करत होते.

नव्या कंपनीने २ मार्च ही तारीख मान्य केली आहे. आईवडिलांच्या विम्याविषयी मात्र त्यांचे उत्तर सोमवारी येईल, आणि ते आल्याशिवाय मी होकार कळवणार नाही. पत्नी आणि मुलगी मार्चअखेरपर्यंत पुण्यात राहतील. परतीच्या प्रवासात त्या दोघी बरोबर आहेत. गणपती घाटातील उतरणीच्या नव्या रस्त्याने पहाटेच्या अंधारात जावे की उजाडण्याची वाट पाहावी, हे खलघाटमार्गे यांनी कृपया कळवावे.

उत्तर ४ (खलघाटमार्गे)

उजाडू द्या. साडेसहाला घरून निघालात तरी रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत पुण्यात पोहोचाल. मानपूरनंतर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा आणि ब्रेकवर सतत पाय ठेवू नका.