मदत हवी आहे: पीएस४ वर नॅट टाइप ३ जाता जात नाही

राजेहो, नागपुरात मानेवाड्यात राहतो. घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे. लॅपटॉपवर सिनेमा चहा होईस्तोवर उतरतो, पण पोराच्या पीएस४ वर (प्लेस्टेशन ४, गेम खेळायचं यंत्र) गेम उतरवायला अख्खी रात्र जायची. हे अगदी पहिलं मॉडेल, फक्त २.४ गीगाहर्ट्झचंच वायफाय पकडतं. त्यात राउटर पुढच्या खोलीत, मधात दोन भिंती अन् पत्र्याचा कूलर.

म्हणून बर्डीवरून लॅन केबल आणून थेट जोडली. डाउनलोड मस्त चालू झालं. पण ऑनलाइन खेळताना मित्रांचा आवाज अजूनही येत नाही, पीएस४ च्या नेटवर्क टेस्टमध्ये नॅट टाइप ३ दिसतो, म्हणजे दुसऱ्या खेळाडूंशी थेट जोडणी सगळ्यात जास्त अडलेली. राउटरमध्ये यूपीएनपी (पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायच्या वाटा, आपोआप उघडणारी सोय) चालूच आहे. राउटरमध्ये वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे पलीकडूनच सीजीनॅट आहे, कंपनी एकच पब्लिक पत्ता बऱ्याच घरांत वाटते. मग घरात पोर्ट उघडून काय उपयोग?

नागपुरात कोणी स्टॅटिक पब्लिक आयपी (फक्त आपल्या घराचा, न बदलणारा इंटरनेट पत्ता) घेतलाय का? महिन्याला किती पडतो? अन् घेतल्यावर नॅट टाइप २ (कमी अडथळ्याचा) झाला का खरंच?

‘राउटर बंद करून चालू करा’ हे कस्टमर केअरवाल्यानं सांगून झालंय, तेवढं सोडून काहीही सांगा.