वर्गण्या बंद करून घरचाच मीडिया सर्व्हर उभारावा का?

लष्करवासी
नमस्कार. ग्वाल्हेरला लष्कर भागात आमचे जुने घर आहे. सध्या आम्ही चार स्ट्रीमिंग सेवांची वर्गणी भरतो; पण हिशेब पाहिला तेव्हा लक्षात आले की त्यांपैकी दोन सेवा घरात कोणी उघडतही नाही, आणि आईला जे पाहायचे-ऐकायचे असते ते या चारही ठिकाणी मिळत नाही. ते आमच्या कपाटात आहे: मराठी नाटकांच्या सत्तरेक व्हीसीडी, घरच्या लग्नमुंजींच्या डीव्हीडी आणि ऐंशी कॅसेट. माझे वडील पेटीची साथ करीत. घरच्या बैठकी त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रित केल्या आणि प्रत्येक कॅसेटच्या कागदावर शाईच्या पेनाने राग, ताल आणि तारीख लिहून ठेवली. आठ वर्षे जुना, आठ जीबी रॅमचा एक लॅपटॉप पडून आहे. त्यावर मीडिया सर्व्हर, म्हणजे आपल्या फाइली साठवून टीव्ही-फोनवर पाठवणारी व्यवस्था, चालेल की नवे यंत्र घ्यावे लागेल? मुलगी पुण्यात शिकते; तिला तिथून आजोबांची पेटी ऐकता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कंपूकर
लॅपटॉप पुरेसा आहे, नवे काही घेऊ नका. त्यावर लिनक्स आणि जेलीफिन हे मीडिया सर्व्हरचे सॉफ्टवेअर टाका. एम्बी या तशाच सॉफ्टवेअरने आपला कोड सर्वांसाठी खुला ठेवणे बंद केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये त्यातून फुटून निघालेला हा मुक्त प्रकल्प आहे आणि त्याची कोणतीही सुविधा पैशांमागे अडवलेली नाही. जागेची चिंता नको: एका व्हीसीडीत जास्तीत जास्त ८०० एमबीच्या आसपास मजकूर असतो, म्हणजे तुमच्या सत्तर व्हीसीडी साठ जीबीत बसतील.

खरी अडचण दुसरीकडे येते, आणि ती मी महिनाभर सोसली आहे. माझ्या बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी मी जशीच्या तशी सर्व्हरवर ठेवली होती. टीव्हीवर लावली की मंगलाष्टके चालू असताना चित्र दर दहा सेकंदांनी थांबे आणि आतल्या खोलीत लॅपटॉपचा पंखा घरघरू लागे. डीव्हीडीतील चित्र एमपीईजी-२ या जुन्या पद्धतीचे असते. माझ्या टीव्हीवरच्या अ‍ॅपला ते वाचता येत नव्हते, त्यामुळे सर्व्हरला ते दर वेळी चालू असतानाच नव्या पद्धतीत बदलावे लागत होते. उपाय असा की हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक फाइल एकदाच, रात्री लावून, एच.२६४ या नव्या पद्धतीत बदलून घ्यावी आणि त्याच वेळी डीइंटरलेस करावे, म्हणजे हात हलला की दिसणाऱ्या आडव्या रेघा जातात. त्यानंतर सर्व्हरला फाइल नुसती पुढे पाठवावी लागते आणि ते काम जुना लॅपटॉप सहज करतो. व्हीसीडीचे चित्र मुळातच ३५२ × २८८ ठिपक्यांचे असते. ते मोठे करण्याच्या खटपटीत पडू नका, त्यातून तपशील वाढत नाही.

विजेचे म्हणाल, तर लॅपटॉप सरासरी १५ वॅट घेतो असे धरल्यास वर्षभर अखंड चालूनही सुमारे १३१ युनिट होतात.

थाटीपूरकर
पुण्याच्या प्रश्नापुरते सांगतो. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे आणि राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडूनही बाहेरून कोणी आत पोहोचणार नाही. पोर्ट उघडणे तसेही धोक्याचेच. सर्व्हरवर आणि मुलीच्या फोनवर टेलस्केल बसवा. ते दोन्ही यंत्रांना वायरगार्ड या सुरक्षित पद्धतीने थेट जोडते आणि घरगुती वापरासाठी विनामूल्य आहे. प्लेक्स या दुसऱ्या मीडिया सर्व्हरवर मात्र २९ एप्रिल २०२५ पासून आपलेच व्हिडिओ घराबाहेरून पाहण्यासाठी पैसे भरावे लागतात.

दौलतगंज
वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. पण माझी कळकळीची विनंती आहे की सर्व्हरच्या आधी कॅसेट हाती घ्याव्यात. नाटकाची व्हीसीडी कदाचित दुसऱ्या कोणाच्या घरी सापडेल, पण तुमच्या वडिलांची बैठक दुसरीकडे कुठेच नाही. प्रथम प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी फीत पुसली जाणार नाही. टेपचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा, कॅसेट एकदाच पूर्ण वाजवा आणि आवाज फ्लॅक या, दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात घ्या. तासाला साधारण तीनशे एमबी लागतील. एमपी३ करून जागा वाचवण्यात अर्थ नाही. कागदांचे फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

सगळ्याच्या दोन प्रती हव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर हवी. एकाच डब्यात दोन डिस्क जोडल्या म्हणजे प्रत झाली, असे समजू नका. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, तेव्हा लॅपटॉप बंद कपाटात किंवा गच्चीलगतच्या खोलीत ठेवू नका. त्याची बॅटरी फुगलेली नाही ना, हेही आधी पाहा. बाहेरची डिस्क वेगळ्या विजेवर चालणारी असेल, तर ती यूपीएसवर लावा.

आणि सगळ्या वर्गण्या बंद होतील, अशी अपेक्षा ठेवू नये. नवे चित्रपट आणि क्रिकेट तुमच्या सर्व्हरवर येणार नाही. आम्ही एका वेळी एकच सेवा घेतो आणि दोन-तीन महिन्यांनी बदलतो.

लष्करवासी
सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन वर्गण्या थांबवल्या, एक ठेवली. राउटरवरचा पत्ता १००.७२ ने सुरू होणारा निघाला, म्हणून टेलस्केल बसवले. काल पहिली कॅसेट उतरवली. कागदावर केवळ ‘भीमपलास, एकताल’ आणि तारीख होती. आईने मात्र पहिल्या आलापावरूनच गाणारे कोण आणि तबल्यावर कोण ते सांगितले. जेलीफिनमध्ये कलाकारांच्या रकान्यात ती नावे मी लगेच भरली. आता रोज संध्याकाळी एक कॅसेट लावायची आणि आई सांगेल ते लिहून घ्यायचे, असे ठरले आहे. एकोणऐंशी उरल्या आहेत.