‘माड हे झाड नसून गवत आहे’: अशाने मुलांचा पाया पक्का होतो काय?

नदीकाठचा

पालकांच्या गटावर परवा एक संदेश फिरत आला. अकरावीला विज्ञान घेणाऱ्या मुलांसाठी कोणा शिकवणीवाल्यांनी तो लिहिला आहे आणि त्याचा मथितार्थ असा, की जीवशास्त्राचा पाया म्हणजे दहा व्याख्या. त्या चतुर्थीपूर्वी तोंडपाठ झाल्या की बाकीचे आपोआप उमगते. वानगीदाखल त्यांतल्या दोन देतो. ‘सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात आणि प्रत्येक पेशीत केंद्रक असते.’ ‘माड हे झाड नसून गवत आहे.’ दुसऱ्या वाक्याशेजारी ‘हमखास विचारतात’ असा शेराही आहे. दोन दिवस गप्प बसून पाहिले, जमले नाही.

पहिल्या वाक्याचा उत्तरार्ध चुकीचा आहे. जिवाणूंच्या पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक नसते, आणि आपल्या स्वतःच्या रक्तातल्या परिपक्व तांबड्या पेशींतही ते नसते. दुसरे वाक्य तर सबंधच चुकीचे. माड आणि गवत दोन्ही एकबीजपत्री, एवढेच त्यांचे नाते, कुळे निराळी. बांबूला गवत म्हटले तर ते बरोबर आहे, माडाला म्हटले तर नाही. शिवाय ‘झाड’ हे मुळात कुळाचे नाव नव्हे, वाढीच्या तऱ्हेचे नाव आहे. त्यामुळे ‘झाड नसून गवत’ म्हणणे हे एखाद्याला ‘उंच नसून म्हापशाचा’ म्हणण्यासारखे आहे.

माझा आक्षेप व्याख्यांना नाही, त्यांच्या जागेला आहे. हूकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात रिकामी खोकी पाहिली, श्लायडेन आणि श्वान यांनी १८३८-३९ मध्ये वनस्पती व प्राणी या दोहोंसाठी पेशी सिद्धांत मांडला, आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते हे फिर्खोने १८५५ मध्ये ठासून सांगितले. एकशे नव्वद वर्षे पाहण्यात गेली तेव्हा ते एक वाक्य हाती आले. ते वाक्य मुलाला पहिल्याच दिवशी द्यायचे आणि त्याने स्वतः काहीच पाहायचे नाही, हे शिक्षण नव्हे.

खडू-फळा

लेख वाचला. लिहिणाऱ्यांनी वर्गात कधी पाय ठेवला आहे काय, हा माझा पहिला प्रश्न.

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका विद्यालयात बावीस वर्षे जीवशास्त्र शिकवत आहे. वर्गात ४६ मुले, चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक एक आणि तास ३५ मिनिटांचा. हिशेब केला तर प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण मिनिट येते. त्या पाऊण मिनिटात निम्म्या मुलांना स्वतःच्या पापण्या दिसतात. कांद्याची साल लावली होती त्या दिवशी एका मुलीने फार सुबक आकृती काढली, तिला नावे दिली, आणि तिने ज्याला केंद्रक म्हटले होते तो काचेखाली अडकलेला हवेचा बुडबुडा होता. ‘पाहून शिका’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की काय पाहायचे ते आधी ठाऊक नसेल तर डोळ्यांना बुडबुडाच दिसतो. व्याख्या ती दृष्टी देते.

दुसरे असे, की वैद्यकीय प्रवेश परीक्षेत १८० प्रश्न असतात आणि त्यांतले ९० जीवशास्त्राचे. वेळ १८० मिनिटे. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, शिकवणीला पैसे नाहीत, त्या मुलाला बसमध्ये उभ्याने घोकता येईल अशी एकच गोष्ट मी देऊ शकतो, ती म्हणजे बिनचूक व्याख्या. संदेशातल्या दोन्ही चुकीच्या आहेत हे मान्य. पण खोटे वजन सापडले म्हणून तराजू कोणी नदीत टाकत नाही.

कुळागर

गवताचा विषय निघालाच आहे, तर २०१६ साल येथे कोणालाच आठवू नये याचे नवल वाटते. गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा १९८४ चा. त्यात दुरुस्ती करून माडाला ‘वृक्ष’ या व्याख्येतून बाहेर काढले गेले आणि माडाला फांद्या नसतात असे त्याचे समर्थन केले गेले. पुढच्याच वर्षी सरकार बदलल्यावर माड पुन्हा व्याख्येत आला, वर राज्यवृक्ष झाला. माडाला स्वतःला यातले काहीही कळले नाही. परंतु मधल्या काळात आमच्या भाटाला, म्हणजे माडांच्या बागेला, लागून असलेल्या जमिनीत एकोणीस माड एका आठवड्यात आडवे झाले. ते मी गडग्यावर उभा राहून मोजले आहेत.

आता शास्त्राचे. आंब्याच्या खोडावर कोणी नाव कोरले तर काही वर्षांत साल त्यावर चढते, कारण सालीखाली विभाजी ऊतींचा थर असतो आणि तो जन्मभर नवे लाकूड, नवी साल घडवत असतो. माडाला हा थरच नाही. म्हणून पाडेली, म्हणजे नारळ उतरवणारा, वर चढण्यासाठी कोयत्याने जे खाचे पाडतो ते माड असेपर्यंत तसेच राहतात. माझ्या आजोबांच्या वेळचे खाचे आजही आमच्या दोन माडांवर आहेत, त्यांच्या कडा झिजल्या आहेत इतकेच. माडाला वर्षवलये नाहीत तीही त्यामुळेच. मानकुराद आंब्याचे कलम बांधता येते आणि माडाचे येत नाही, त्याचेही कारण तेच: दोन खोडे एकमेकांना धरतील असे त्यांच्यात काही वाढतच नाही. आणि सगळी उंची एका शेंड्यातून येत असल्यामुळे गेंड्या भुंग्याने तो शेंडा पोखरून मारला की माड संपला, त्याला बगलेतून धुमारा फुटत नाही.

खाचे न भरणे, वलये नसणे, कलम न होणे, एवढ्या गोष्टी एका थराच्या अभावाने समजतात. आमच्या काळी हे कोणी सांगितले असते तर मी वाणिज्य शाखेला गेलो नसतो. ‘झाड की गवत’ यावर मात्र दोन्ही बाजूंनी वेळ दवडू नये.

खडू-फळा

कुळागरवाल्यांनी नकळत माझीच बाजू मांडली आहे. एकोणीस माड कशामुळे पडले? व्याख्या बदलली म्हणून. उरलेले कसे वाचले? व्याख्या दुरुस्त झाली म्हणून. शब्दांना धार नसती तर कोयत्याला परवानगी मिळाली नसती. आता कोणी मला सांगावे, की व्याख्या ही शेवटी शिकवायची किरकोळ बाब आहे!

नदीकाठचा

मास्तर, हा शुद्ध वकिली डाव झाला. कायद्याची व्याख्या माणसे ठरवतात आणि माणसेच बदलतात. २०१६ मध्ये माडाच्या खोडात एकही ऊती इकडची तिकडे झाली नव्हती. जीवशास्त्रातली व्याख्या आधी वस्तूला विचारून करावी लागते. ‘फांद्या नाहीत म्हणून झाड नाही’ ही त्या वेळची ओळ आणि आजची ‘झाड नसून गवत’ ही ओळ एकाच कारखान्यातल्या आहेत: दोन्ही माडाकडे पाठ करून लिहिलेल्या. तुमची पाठांतरवाली मुले मोठी होऊन नेमक्या अशाच दुरुस्त्यांचे मसुदे लिहितात.

खडू-फळा

माझ्या मुलांवर घसरू नका. त्यांतल्या तिघी आज परिचारिका आहेत आणि एक डॉक्टर. त्यांनी मसुदे लिहिलेले नाहीत, तुमच्या-आमच्या आईवडिलांच्या शिरेत सुया घातल्या आहेत, आणि पाठ केलेले औषधाचे प्रमाण चुकले नाही म्हणून ते जिवंत आहेत.

बारावीची आई

आपण दोघे भांडत आहात, पण गुण कापले गेले ते माझ्या मुलीचे. अकरावीच्या चाचणीत ‘पेशी म्हणजे काय’ असा प्रश्न होता. तिने नेमकी व्याख्या लिहिली आणि खाली एक ओळ जोडली, की कोवळ्या आडसराच्या, म्हणजे शहाळ्याच्या, पाण्यात हजारो केंद्रके पेशींच्या भिंतींवाचून मोकळी असतात, त्यामुळे तेथे पेशी कोणती आणि कोठे संपते हे सांगणे कठीण आहे. दोनपैकी एक गुण कापला, शेरा ‘अनावश्यक’. मी भेटायला गेले तर ‘पुस्तकात आहे तेवढेच लिहावे’ असे उत्तर मिळाले. यंदा बारावीचे पुस्तक घरात आले. सपुष्प वनस्पतींच्या प्रजननाच्या धड्यात तेच वाक्य छापलेले आहे: आडसराचे पाणी म्हणजे मुक्त केंद्रकांचा भ्रूणपोष आणि भोवतीचे पांढरे खोबरे म्हणजे पेशींचा भ्रूणपोष. मुलगी एक वर्ष आधी पोचली, हा तिचा अपराध. त्यानंतर ती उत्तरात जादा ओळ लिहीत नाही. तो अर्धा मिनिटाचा शेरा कोणाला आठवतही नसेल.

शब्दवेल्हाळ

मूळ दुखणे वेगळेच आहे. चौथीपर्यंत मराठीत शिकलेले मूल पाचवीपासून इंग्रजी शब्द घोकू लागते आणि त्या शब्दांतून त्याला काहीच ऐकू येत नाही. ‘भ्रूणपोष’ म्हटले की भ्रूणाला पोसणारे ते, हे न सांगता कळते. शब्दातच व्याख्या आहे. पाठांतर कोणाला हवे?

कुळागर

आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाला ‘तंतुकणिका’ म्हटल्यावर काय ऐकू येते? आमच्या नातवाला ते लाडवाचे नाव वाटले.

खडू-फळा

बाईंच्या मुलीचा गुण कापणे चुकीचे होते, आणि कापणारा शिक्षक मी असतो तर मला लाज वाटली असती. परंतु शास्त्र म्हणून एक खुलासा आवश्यक आहे. मध्यवर्ती पेशीतले केंद्रक वारंवार विभागत जाते आणि मध्ये भिंती उभ्या राहत नाहीत, म्हणून ते पाणी म्हणजे अवाढव्य अशी एकच बहुकेंद्रकी पेशी आहे. पुढे केंद्रके कडेला जमतात, भिंती घातल्या जातात आणि खोबऱ्याचा थर धरतो. म्हणजे पेशी सिद्धांताला येथे कोठेही तडा जात नाही. ‘पेशी कोणती हे सांगणे कठीण’ हे विधान ढिले आहे. सांगता येते, आणि सांगता येते ते व्याख्या पक्की असल्यामुळे.

नदीकाठचा

हे मान्य. मीही त्या पाण्याकडे ‘पेशी नसलेले’ म्हणूनच पाहत होतो, तेव्हा चूक माझीही. पण मास्तरांनी स्वतःच्या उत्तराकडे एकदा पाहावे. ‘पेशी’ या शब्दाचा खरा अर्थ या संपूर्ण धाग्यात प्रथमच कोणी उलगडून सांगितला, आणि तो दहा व्याख्यांमुळे नव्हे, एका सोळा वर्षांच्या मुलीने आडसरावर शंका काढली म्हणून. साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी गोव्यातच हा वाद एकदा होऊन गेला आहे. १५६३ मध्ये येथे छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात दोन वैद्यांचे संवाद आहेत. एक जण जुन्या पंडितांचे दाखले देतो आणि दुसरा, म्हणजे ओर्ता, हिंदुस्थानात स्वतः पाहिलेले सांगतो. माडही त्यात आहे.

खडू-फळा

त्या संवादातला दाखले देणारा वैद्य ओर्ताने स्वतःच रचलेला होता, म्हणून तो इतक्या सोयीने हरतो. मी खराखुरा आहे. मला ४६ वह्या तपासायच्या आहेत.

तरीही एक गोष्ट करता येईल. बावीस वर्षे मी त्या पाण्यातली केंद्रके शिकवली, पण काचेवर कधी पाहिली नाहीत, हे येथे लिहायला जड जाते आहे. त्यासाठी बाजारातले आडसर उपयोगाचे नाही, त्यात खोबरे धरलेले असते. त्याहून बरेच कोवळे, आत नुसते पाणी असलेले फळ हवे. तसले उतरवायला कोणता पाडेली तयार होईल आणि कोणता मालक देईल?

कुळागर

पाच देतो. पाडेली गुरुवारी येतो, त्याला सांगून ठेवतो. तो मला वेड्यात काढील, त्याची सवय आहे. बाईंनी मुलीला घेऊन यावे, आणि मास्तरांनी वर्गाला.

खडू-फळा

सगळा वर्ग आणणार नाही, दहा-दहाच्या तुकड्या करीन. सूक्ष्मदर्शक माझा. रंग द्यायला अ‍ॅसिटोकार्मिन प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, फक्त बाटलीवरची तारीख कोणी वाचू नये. आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला बहुकेंद्रकी पेशीची व्याख्या पाठ असली पाहिजे.