कॅशमधले शिळे पान: बदल झाल्याचे सर्व्हरने आपणहून कळवावे का?

रामबागकर (इंदूर): गणेशोत्सवात आमच्या मंडळाने कीर्तनाची वेळ सातऐवजी साडेआठ केली आणि संकेतस्थळावर लगेच बदललीही, तरी सकाळी पान पाहिलेल्यांना संध्याकाळी जुनीच वेळ दिसली आणि वीसेक मंडळी रिकाम्या मांडवात ताटकळली. ब्राउझर पाहिलेल्या पानाची प्रत स्वतःकडे, म्हणजे कॅशमध्ये, साठवतो. पानासोबत ‘मॅक्स-एज ८६४००’ (सेकंद), म्हणजे पूर्ण दिवसाची मुदत गेली होती, आणि मुदत संपेपर्यंत ब्राउझर सर्व्हरला विचारतच नाही. मुदत हा शेवटी अंदाजच असतो. म्हणून सर्व्हरने कोणत्याही उत्तराच्या पाठीवर ‘तुमच्या मागच्या भेटीनंतर ही पाने बदलली’ अशी छोटी यादी पाठवावी, असे माझे मत आहे. बालचंदर कृष्णमूर्ती आणि क्रेग विल्स यांनी १९९० च्या दशकातच प्रॉक्सींसाठी (अनेकांच्या वतीने पाने आणून साठवणाऱ्या मधल्या सर्व्हरांसाठी) हे सुचवले होते.

तुकोगंजची सई: असहमत. यादी मिळण्यासाठी आधी विनंती जावी लागते. ज्याने कॅशमधले तेवढेच पान पाहिले, त्याला ती कुठून मिळणार? वेळापत्रकाला ‘नो-कॅश’ लावले असते तर काम झाले असते. (नाव फसवे आहे; त्याचा अर्थ ‘साठवू नका’ असा नसून ‘वापरण्यापूर्वी विचारा’ असा आहे.) बदल नसेल तर ३०४ हे बिनमजकुराचे उत्तर येते. चूक मुदत लिहिणाऱ्याची आहे, प्रोटोकॉलची (ब्राउझर-सर्व्हर संवादाच्या नियमांची) नव्हे.

रामबागकर: मुदत मीच लिहिली होती, हे कबूल. पण त्याच पानावरची आरतीची छायाचित्रे दर वेळी सर्व्हरकडूनच येत होती. त्या उत्तरासोबत यादी आली असती, तर पान तिथेच ताजे झाले असते. शिवाय ३०४ ला मजकूर नसला तरी फेरी चुकत नाही, आणि मांडवातल्या गर्दीत मोबाइलचे नेटवर्क कसे रखडते हे आपण जाणताच.

मालवी: सर्व्हरच्या आगाऊपणाचा अनुभव एचटीटीपी-२ या प्रोटोकॉलमधल्या ‘पुश’ने, म्हणजे न मागता फायली पाठवण्याच्या सोयीने, दिलेला आहे. ब्राउझरकडे आधीच असलेल्या फायलीही सर्व्हर ढकलत असे, आणि २०२२ साली क्रोमने ती सोय बंद केली.

रामबागकर: ते उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. ब्राउझरकडे काय आहे हे सर्व्हरला ठाऊक नव्हते, म्हणून तर पुश फसले. मी फाईल ढकला म्हणत नाही, नावे कळवा म्हणतो. मागवायचे की नाही ते ब्राउझर ठरवील.

तुकोगंजची सई: नावांपुरते असेल तर माझा विरोध सौम्य होतो. पण यादीत किती नावे घालायची? बातम्यांच्या संकेतस्थळावर तासाभरात शेकडो पाने बदलतात, आणि तो भार प्रत्येक उत्तरावर चढणार.