मदत हवी आहे : कुत्र्याचे पिसवांचे औषध मांजरीला निम्मे लावावे का?

आमचे घर परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात असून घरी एक गावठी कुत्रा, एक मांजरी आणि तिची अंगावर पिणारी पिल्ले आहेत. पावसाळा लागल्यापासून पिसवा इतक्या झाल्या आहेत की मांजरीच्या मानेवरचे केस बाजूला सारले की काळी भुकटी दिसते आणि ओल्या कापसावर घेतली की तांबूस रंग सोडते.

तालुक्याच्या दुकानातून कुत्र्याच्या मानेवर सोडायची औषधाची नळी आणली आहे. दुकानदाराच्या मते मांजरीचे वजन कमी असल्याने त्यातलेच निम्मे तिला पुरे. वेष्टनावर मात्र बारीक अक्षरांत परमेथ्रिन (हे त्यातले कीटकनाशक) आणि ‘फक्त कुत्र्यांसाठी’ असे छापलेले आहे, म्हणून नळी फोडलेली नाही. शेजारी गुरांच्या गोचिडांसाठी आणलेले अमिट्राझ पाण्यात कालवून सगळ्यांनाच पुसा म्हणतात, तर आत्याबाईंचा भर रॉकेलवर आहे. औषध केवळ कुत्र्याला लावले, तरी रात्री त्याच्या पोटाशी झोपणाऱ्या मांजरीला ते बाधेल का? पिल्लांचे काय करावे? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

नळी तशीच राहू द्या. इथे प्रश्न मात्रेचा नाहीच. कुत्र्याचे यकृत परमेथ्रिनचे विघटन करून ते बाहेर टाकू शकते. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी ग्लुक्युरोनिडेशन ही क्रिया फार दुबळी असल्याने ते शरीरात रेंगाळते आणि मज्जासंस्थेवर आघात करते. (पॅरासिटामॉलही मांजरांना याच कारणाने घातक ठरते, हे जाता जाता सांगतो.) आधी कान फडफडतात, लाळ गळते, चाल अडखळते, मग अंगभर थरथर आणि झटके येतात. लक्षणे बहुधा काही तासांत दिसतात, क्वचित दोन-तीन दिवसही लागतात.

कुत्र्याला चिकटून झोपल्याने किंवा त्याचे अंग चाटल्यानेही मांजरीला बाधा होऊ शकते, त्यामुळे कुत्र्यासाठीच परमेथ्रिन नसलेले औषध, उदाहरणार्थ फिप्रोनिल, मागून घ्यावे. मांजरीसाठी फिप्रोनिलचे मांजरांकरिता असलेले वेगळे वेष्टन मिळते. ती दूध पाजत असल्याने पशुवैद्यकांना विचारूनच लावा. आठ आठवड्यांखालील पिल्लांना ते लावू नये. त्यांना बारीक दातांच्या फणीने विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर रक्त कमी झाले असे समजून तातडीने दाखवावे.

अमिट्राझ मांजरांना लावू नये. कुत्र्यातही जास्त झाल्यास सुस्ती येते, हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तातील साखर वाढते. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटताना ते फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो, तेव्हा आत्याबाईंची समजूत आपणच घालावी.

अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण संख्येच्या थोड्याच. अंडी, अळ्या आणि कोष गोधडीत व जमिनीच्या भेगांत असतात. गोधड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात, कानाकोपरा रोज झाडावा आणि हे काही आठवडे चालू ठेवावे, कारण कोषातली पिसू औषधाला दाद देत नाही.

चुकून मांजरीला परमेथ्रिनचे औषध लागलेच, तर भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन टॉवेलात गुंडाळावे आणि वेष्टनासह परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावे. झटके येत असतील तर धुण्यात वेळ न घालवता आधी तिथे पोहोचावे.