ट्रोपोनिनच्या रिपोर्टवर बायका आणि पुरुषांची मर्यादा वेगळी छापावी का?

नळीवाला (धागाकर्ता)
रोज हेच रिपोर्ट काढतो म्हणून विचारतोय. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन; त्याचे आय आणि टी असे दोन प्रकार मोजतात. ट्रोपोनिन आय मोजणाऱ्या एका प्रचलित हाय-सेन्सिटिव्हिटी किटच्या ९९व्या पर्सेंटाइलचे (निरोगी माणसांपैकी ९९ टक्के ज्याच्या आत असतात त्या मर्यादेचे) आकडे असे: बायका १६, पुरुष ३४, सरसकट २६ नॅनोग्रॅम प्रति लिटर. आता एका बाईचा २० आला. सरसकट मर्यादा छापणाऱ्या लॅबमध्ये त्यापुढे तारा (मर्यादा ओलांडल्याची खूण) येत नाही. ती स्वतःच्या मर्यादेच्या वर आहे, पण कागद गप्प. पुरुषाचा ३० आला की लगेच तारा आणि घरचे हवालदिल. पुरुषांच्या हृदयाचा स्नायू सरासरीने जड, म्हणून निरोगीपणातही पातळी थोडी वर असते. हार्ट अटॅकच्या २०१८च्या चौथ्या जागतिक व्याख्येतही मर्यादा वेगळ्या ठेवा असंच सांगितलंय. तरी सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ वाढवायला कां-कू का?

रात्रपाळी
असहमत. कॅज्युअल्टीत मी ताऱ्याकडे बघतच नाही. ईसीजी, आणि पहिल्या व दुसऱ्या नळीतला फरक. युरोपातली शून्य-एक तासाची पद्धत (आल्या आल्या आणि तासाभराने रक्त तपासायचं) बायका-पुरुष दोघांना तेच आकडे लावते आणि नीट चालते. स्कॉटलंडमध्ये ४८ हजारांवर रुग्णांवर वेगळ्या मर्यादांसह नवी चाचणी आणून पाहिली. स्नायूला इजा झालेले जास्त सापडले, पण वर्षभरातले अटॅक आणि हृदयविकाराचे मृत्यू काही घटले नाहीत. मग मिळवलं काय?

नळीवाला
अर्धंच सांगितलंत. त्याच अभ्यासात इजेच्या केसेस बायकांत ४२ टक्क्यांनी वाढल्या, पुरुषांत ६. आणि सापडलेल्या बायकांना उपचार पुरुषांपेक्षा कमीच मिळाले. औषध दिलंच नाही तर चाचणीने काय करावं?

आकडेमोड
आणि वयाचं काय? एनटी-प्रोबीएनपीला (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक) हार्ट फेल्युअरसाठी पन्नाशीच्या आत ४५०, पंचाहत्तरीपर्यंत ९००, त्यापुढे १८०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर चालतात. ट्रोपोनिनलाच सोवळं का?

रात्रपाळी
कारण ते निर्णयाचे आकडे आहेत, धाप लागून आलेल्यांवरून ठरवलेले. निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेली संदर्भ मर्यादा ती नव्हे. दोन्हींची गल्लत नको. (गंमत म्हणजे तिथे पारडं उलटं: एनटी-प्रोबीएनपी बायकांत जास्त.)

नळीवाला
इथे मात्र मी तुमच्या बाजूचा. सत्तरीपुढचा 'निरोगी' आणायचा कुठून? नुसतं 'काही त्रास आहे का' विचारून निवडलेल्यांची मर्यादा वर जाते. त्यांचीच इको आणि किडनी तपासून गाळणी लावली की ती खाली येते. वयानुसार मर्यादा वाढवली तर लपलेला आजारच आपण नॉर्मल म्हणून छापू.

आकडेमोड
म्हणजे बाई-पुरुष फरक शरीराचा आणि वयाचा फरक आजाराचा? इतकं सरळ नसावं. पण मुद्दा कळला.

मधलं भावंड
तुमच्या भांडणात एक शंका. आई ८२ वर्षांची, चक्कर आली म्हणून नेलं. ट्रोपोनिन टी ३१, मर्यादा १४. तीन तासांनी ३०. तारा दोन्हींना. डॉक्टर म्हणाले, 'अटॅक वाटत नाही.' मग तारा कशाला?

रात्रपाळी
आकडा हलला नाही म्हणून ते तसं म्हणाले. ताज्या अटॅकमध्ये तो चढतो किंवा उतरतो. पण ३१ म्हणजे 'वयच झालंय' असं समजून सोडू नका. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि इको झालेत का, ते विचारा.

नळीवाला
बघा, तारा होता म्हणूनच तुम्ही विचारलंत.