शब्दचर्चा: ‘अपात्र कृपा’, म्हणजे अपात्र कोण?

प्रूफवाला (रत्नागिरी): एका ख्रिस्ती मंडळीचं उपासनेचं पत्रक छपाईला आलंय. त्यात ‘देवाच्या अपात्र कृपेबद्दल आभार’ असं वाक्य आहे. ‘अपात्र उमेदवार’ म्हणजे उमेदवारच अपात्र. मग इथे कृपा अपात्र ठरते की काय? ‘अपार’चं ‘अपात्र’ झालं असेल असं धरून दुरुस्त करू का?

वसईकर: थांबा, ‘अपार’ करू नका! अपार म्हणजे पुष्कळ. इथे किती मिळाली हे सांगायचं नाही, कुणाला मिळाली हे सांगायचंय.

दापोलीकर: पण मग विशेषण हवंच कशाला? कृपा ती कृपा. लायकीने मिळतो तो पगार.

वसईकर: दादा, बायबलातल्या रोमकरांस पत्रात (4:4) प्रेषित पौल हेच म्हणतो. काम करणाऱ्याची मजुरी ही मेहरबानी नव्हे, ते त्याचं येणं. अडचण मराठीतल्या ‘कृपा’ची आहे. ‘आपला कृपाभिलाषी’, ‘कृपया रांगेत उभे राहा’, ‘साहेबांची कृपा आहे त्याच्यावर’ असं वापरून वापरून शब्द बोथट झालाय. त्यात साहेबांची कृपा होते ती मर्जीतल्या माणसावर, आणि मर्जी सांभाळावी लागते. म्हणजे मागच्या दाराने लायकी आलीच की! ‘अपात्र’ लिहिणाऱ्याला हे दार बंद करायचं असणार.

दुसरं असं की दान करताना पात्र बघावं ही आपल्याकडची जुनी शिकवण. ‘सत्पात्री दान’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर अपात्राला दिलेलं दान तामस ठरवलंय. आणि ख्रिस्ती अर्थाने कृपा म्हणजे उघड उघड अपात्री दान. देणाऱ्याची फसगत झालेली नसते, घेणारा कसा आहे हे त्याला पुरतं ठाऊक असतं. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असं त्याच पत्रात (5:8) आहे. ‘आधी सुधारा, मग बघू’ असा तो व्यवहार नव्हे. मराठी कानाला हे टोचतं, आणि टोचू द्यावं असं माझं मत. व्याकरण मात्र तुमचं बरोबर. ‘अपात्रांवरची कृपा’ किंवा ‘पात्रता नसताना झालेली कृपा’ म्हटलं की घोटाळा मिटतो.

मालवणकर: आमच्या बाजूच्या कॅथलिक घरांत कोकणी प्रार्थनेत ‘कुर्पा’ म्हणतात. ‘नमान मारिये, कुर्पेन भरलेले’. अर्थ रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढतात तिथला, सांगतो. दोर ओढला त्याला वाटा, तो त्याचा हक्क. बाजूला नुसत्या उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या पिशवीत कालवणापुरते बांगडे पडले, ती कुर्पा.

वसईकर: छान, पण म्हाताऱ्याची कीव येते, म्हणून ती दया झाली. पौलाच्या हिशेबात पिशवी घेऊन उभा असलेला माणूस काल रात्री तुमचं जाळं फाडून गेलेला असतो. पौलाने स्वतः ख्रिस्ती मंडळीचा छळ केला होता. करिंथकरांस पहिल्या पत्रात (15:9-10) तो म्हणतो की प्रेषित म्हणवून घ्यायला मी लायक नाही, पण जो काही मी आहे तो देवाच्या कृपेने आहे.

मालवणकर: जाळं फाडणाऱ्याक बांगडे? कठीण आसा!

प्रूफवाला: ‘पतितपावन’ चालेल का? आमच्या रत्नागिरीत 1931 पासून त्या नावाचं मंदिरच आहे. ‘अनुग्रह’सुद्धा सुचला होता.

वसईकर: ‘पतितपावन’ खूप जवळचा, आणि संतांच्या वाटेने ख्रिस्ताकडे येणं आपल्याला नवं नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक जन्मले दापोली तालुक्यातल्या करजगावला, बाप्तिस्मा घेतला 1895 मध्ये, आणि सांगत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पण ‘पतितपावन’ हा देवाचा गुण झाला, आपल्याला मिळतं त्याचं नाव नव्हे. ‘अनुग्रह’ हिंदी बायबलात आहे. मराठीत तो ऐकला की गुरू आणि मंत्र आठवतात.

दापोलीकर: एक खरी शंका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमच्याकडे एकाची नारळी-पोफळीची बाग आडवी झाली, शेजारची बरीचशी उभी राहिली. शेजारी म्हणतो, देवाची कृपा. मग पहिल्यावर काय अवकृपा?

वसईकर: असं आम्हीही बोलतो, पण शुभवर्तमान ते बोलणं टिकू देत नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांहून जास्त पापी होती असं समजू नका, असं येशू सांगतो (लूक 13:4). पाऊसही नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर पडतो. आणि पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं तेव्हा काटा निघाला नाही, उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’. म्हणजे मागितलेलं मिळालं नाही तिथेही हाच शब्द! बाग वाचली त्याने देवाचे आभार जरूर मानावेत, पण त्यावरून शेजाऱ्याचा हिशेब मांडू नये.

कृपा ओळखायची कुठे म्हणाल, तर मी आधी क्षमेकडे बघतो. आपलं चुकलं हे कळणं, ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात जायची बुद्धी होणं, त्याने आत बोलावणं. यातलं काही मी कमावलं असं म्हणता येत नाही. ‘पुण्याई’ शब्द इथे अगदी उलटा पडतो, कारण पुण्याई म्हटली की कुणीतरी आधी काहीतरी केलेलं असतं, आपण नाही तर वाडवडिलांनी.

दापोलीकर: पुण्याईचं पटलं. बागेचं अजून अर्धंच पटलंय.

प्रूफवाला: मग ‘पात्रता नसताना झालेल्या कृपेबद्दल आभार’ करतो.

वसईकर: ‘आभार’च्या जागी ‘उपकारस्तुती’ सुचवा, बायबलातला आणि मंडळीतला शब्द तोच. पण पाळकांना फोन करून विचारल्याशिवाय काही बदलू नका. ते कदाचित ‘अपात्र’वरच अडून बसतील.